खाजणवाडीचा पहारा

प्राचीन सोमयागात सामगान करणाऱ्या ऋत्विजांच्या मागे आणखी काही माणसे बसत. त्यांना उपगाते म्हणत. मंत्र गाण्याचा अधिकार पुढच्यांचा. पुढच्याला श्वास घ्यावा लागला तरी स्वर खंडित होऊ नये, यासाठी मागचे एकच अक्षर मंद्रात धरून राहत. ग्रंथांनी त्यांच्यावर फारशी शाई खर्चिलेली नाही. महादू जोईलचे आयुष्य आठवले, की मला त्या मागे बसलेल्या माणसांचे स्मरण होते.

विजयदुर्गच्या खाडीच्या आतल्या वळणावर, भरतीचे पाणी जिथे सपाट खाजणात पसरून निवांत होते, तिथे महादूची वाडी आहे. तिला खाजणवाडीच म्हणतात. वाडीच्या भजनात महादू कोरसात होता. आमच्याकडच्या भजनात बुवा ओळ सोडतो आणि मागची माणसे ती झेलून पुन्हा उचलतात. त्या मागच्या माणसांना कोरस म्हणण्याची रीत आता इतकी मुरली आहे, की हा शब्द समुद्रापलीकडून आला हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. वाडीचे बुवा गुरुदास तावडे. त्यांचा आवाज उंच आणि टोकदार. महादूचा रुंद, किंचित घोगरा, जमिनीलगत चालणारा. मिसरूड फुटण्याच्या वयात महादू त्यांच्या मागे उभा राहिला, आणि केस पिकले तरी त्याने जागा बदलली नाही. लग्न केले नाही. उन्हाळ्यात आंब्याच्या कलमांची राखण, पावसात लावणी, आणि बारा महिने भजन, एवढ्यात त्याचा प्रपंच सामावला होता.

एकदा जामसंड्याच्या भजनानंतर कुणीतरी त्याला म्हणाले, "म्हादू, एकदा तू फुडे बसान म्हण बघूया."

"मी फुडे बसलंय तर मागे माझ्यासारखो खंय गावतलो?" महादूने विचारले आणि टाळ पिशवीत घातले.

हे तो विनोदाने म्हणाला असे सर्वांनी धरले. मला मात्र वाटते, तो शब्दशः खरे तेच बोलला होता. बुवांचा दम कुठे संपणार हे त्याला बुवांच्या आधी कळे. ओळीच्या अखेरीस बुवांचे खांदे किंचित उचलले, की महादूचा आवाज खालून यायचा आणि त्या पोकळीवर हलकेच पसरायचा. ऐकणाऱ्याला वाटे, बुवा श्वास घेतच नाहीत. बुवांची ख्याती अशा रीतीने पंचक्रोशीत झाली.

गावच्या रवळनाथाच्या देवळात श्रावणात सप्ताह बसतो. सभामंडपाच्या मधोमध समई तेवत असते आणि तिच्याभोवती टाळ वाजवीत, देवाचे नाव गात माणसे फेर धरून चालतात. सात दिवस हे नाव थांबायचे नाही. दिवसाचे आणि रात्रीचे पहारे वाड्यांनी वाटून घेतलेले असतात. पहारा बदलण्याची रीत मोठी सुंदर आहे. नवी वाडी येते ती जुन्या वाडीच्या फेरातच मिसळते, त्यांच्या मुखातले नाव आपल्या मुखात घेते, आणि मगच जुनी माणसे एकेक करून बाहेर पडतात. एका दिव्यावरून दुसरा लावावा, तसे ते नाव एका वाडीकडून दुसऱ्या वाडीकडे जाते. पहारा चालू असताना परक्या वाडीच्या माणसाने फेरात पाऊल टाकायचे नाही. वाडीला निभले नाही, तर वाडीच्या माणसाने हाक मारावी. पण ज्याला हाक मारली, पहारा त्याचा झाला. आणि ज्या वाडीच्या पहाऱ्यात नाव तुटले, त्या वाडीकडे पहारा राहत नाही.

पहारा गेला म्हणजे काय गेले, असे परगावचा माणूस विचारील. पहारा सुरू होण्याआधी गुरव गाभाऱ्याच्या दारात उभा राहून वाडीचे नाव पुकारतो. वर्षातून तेवढी एकच वेळ, जेव्हा खाजणवाडी हा शब्द देवासमोर मोठ्याने उच्चारला जाई.

खाजणवाडी हळूहळू रिकामी झाली. घरे पडली नव्हती. उलट भिंतींना ताजे रंग होते, पडव्यांना नवे पत्रे होते, आणि दारांना कुलपे होती. मुंबईला गेलेली माणसे येतात ती चतुर्थीला. वर्षाची सगळी रजा गणपतीला लागते, श्रावणातल्या सप्त्याला तिच्यातले काही उरत नाही. घरांच्या किल्ल्या महादूकडे असत. मागल्या श्रावणात फेरात दोघेच होते, गुरुदासबुवा आणि महादू. दिवाळीनंतर बुवांचे अर्धे अंग गेले. त्यांचा मुलगा निलेश आला आणि त्यांना कणकवलीहून रेल्वेने डोंबिवलीला घेऊन गेला. वाडीत महादू उरला आणि त्याच्या अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडची यशोदा, कोंबड्या पाळणारी, जिभेने तिखट अशी विधवा.

आषाढ सरता सरता परशुराम राणे छत्री मिटून महादूच्या पडवीत येऊन बसले. ते देवस्थानाचे मानकरी आणि वरचीवाडीचे बुवा.

"म्हादू, तुमच्या पहाऱ्याचा काय करूया?"

"काय करूचा म्हणजे? पहारो करूचो."

"कोण कोण आसात?"

"मी आसंय."

"तो दिसतस माका. आणखी?"

गडग्यापलीकडून यशोदेने उत्तर दिले, "आणखी तेचो चष्मो आसा."

परशुराम हसले, मग छत्रीच्या टोकाने जमिनीवरचे पाणी सारीत म्हणाले, "राग मानू नको. पहारो आमच्यात घालूया. तू आमच्या कोरसात उभो रव. नाव तुटण्यापरास ता बरा."

"आणि गुरव पुकारतलो काय?"

"वरचीवाडी म्हणानच पुकारूक व्हया. पहारो आमचो झालो मा."

महादूने पागोळ्यांखाली भरलेली कळशी उचलून आत ठेवली. "मगे नको," तो म्हणाला. "मी करतंय."

"एकटो?"

"करतंय म्हटलंय मा."

"नाव तुटला तर पहारो जाता, ह्या तुका सांगूक नको. मगे मी काय करूक शकणंय नाय."

परशुराम वाईट माणूस नव्हे. जाताना त्यांनी यशोदेला हळूच सांगितले, "तेका वायच समजव गो." यशोदा म्हणाली, "देव समजवता तेका, माका खंय ऐकता तो."

ही वार्ता फोनवरून डोंबिवलीला गेली आणि निलेशचा फोन आला. तो मुंबईत वाढलेला. त्याची भाषा शहरी.

"काका, बाबांचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. स्पीकर पाठवून देतो. पुढे बाबांचा आवाज लावा आणि मागे तुम्ही म्हणा. सगळीकडे करतात हल्ली."

"करूंदेत," महादू म्हणाला. "पण त्या डब्याक दम लागणा नाय रे. दमच लागणा नाय, तर मी मागे उभो रवान काय करू?"



मग महादूने तयारी आरंभिली. संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा घेऊन तो बंद घरांपुढच्या तुळशींना दिवा दाखवून येई आणि पडवीत टाळ घेऊन बसे. नामाच्या ओळी त्याला तोंडपाठ होत्या. बुवा एखादी विसरले, तर हाच ओठांनी आठवण देत असे. तरीही पहिला शब्द कंठातून निघेना. स्मृती ही स्वतंत्र वस्तू आहे असे आपण समजतो. पण कित्येकांची स्मृती दुसऱ्याच्या आवाजाला टेकून उभी असते, आणि तो आवाज काढून घेतला की सारे शब्द जागच्या जागी असूनही हाती लागत नाहीत. महादू टाळ वाजवी, तोंड उघडी, आणि थांबे.

एके दिवशी यशोदा गडग्याला टेकून उभी राहिली. "म्हादू, कोणाची वाट बघतंस?"

"कोणाची नाय."

"मगे म्हण की. कोंबड्यो झोपाक जाऊच्या रवल्यो. तेंका वाटता, बुवा आता काय तरी गातलो."

"तू वायच ओळ म्हण गो," महादू तिच्याकडे न पाहता म्हणाला.

यशोदेने ओळ म्हटली. सूर नव्हता, ताल नव्हता. बाजारात मासळीचा भाव विचारावा, तशी म्हटली. आणि तिचा शब्द संपतो न संपतो तोच महादूचा आवाज भरून उठला, सगळी ओळ, अखंड, खाजणावरून पलीकडे जाईल असा.

यशोदा गडग्यावरून पुढे वाकली. "येता मा तुका," ती म्हणाली.

"तू म्हटलंस म्हणान इला."

"मगे मी बसतंय देवळात आणि म्हणतंय."

दोघांनाही ठाऊक होते की तसे चालणार नाही. त्या देवळात फेराची ओळ फेरातूनच उठावी लागे, आणि फेर पुरुषांचा. तरीही त्यानंतर यशोदेने रोज गडग्यावर येऊन ओळी म्हणायच्या आणि महादूने उत्तर द्यायचे, असा क्रम सुरू झाला. पुढे पुढे तिने शब्द नुसता ओठांत धरायचा, आणि महादूने तो उच्चारायचा. श्रावण लागला तेव्हा तो पाठ फिरवून, डोळे मिटून, कुणाच्याही मदतीवाचून ओळ सोडू लागला होता. आवाज अवघडलेला होता, नवी वहाण घातलेल्या पायासारखा. पण ओळ त्याचीच होती. यशोदा म्हणाली, "आता कोंबड्यो झोपतत वेळेर."

पहाऱ्याच्या दुपारी पाऊस कोसळत होता. मी सभामंडपात खांबाशी बसलो होतो, आणि पलीकडच्या खांबाशी यशोदा. वरचीवाडीचा पहारा चालू होता; वाडी भरलेली, घरात अजून तरणी माणसे असलेली. त्यांच्या नामाने कौले हादरत. ओल्या छत्र्या कठड्याला टांगल्या होत्या, चहाचे पेले फिरत होते. गुरवाने गाभाऱ्याच्या दारात येऊन पुकारले, "खाजणवाडी." महादूने उंबऱ्याशी पाय धुतले, धोतराचा सोगा खोचला, टाळ घेतले आणि तो फेरात शिरला.

तो शिरला तो शेवटच्या माणसाच्या मागे. तिथेच त्याची चूक झाली, आणि तशी चूक जन्मभर कोरसात उभ्या राहिलेल्या माणसाकडूनच व्हावी. परशुरामांनी ओळ सोडली. महादूने बाकीच्यांबरोबर ती उचलली. त्याचा रुंद आवाज त्या पंचवीस-तीस आवाजांखाली जोत्यासारखा बसला. ते ऐकून वरचीवाडीच्या माणसांचा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्याने नाव घेतले, असे त्यांनी मानले, आणि रीतीप्रमाणे एकेकाने फेर सोडला. अखेरीस परशुरामांनीही ओळ सोडून, महादूचे उत्तर ऐकून, मंडपाच्या पायरीवर पाय ठेवला.

महादू चालत होता. त्याच्यापुढे समईच्या प्रकाशातली मोकळी फरशी होती. टाळ वाजत होते. उत्तर पुरे झाले, आणि आता पुढची ओळ यायची होती.

ती आली नाही.

मी त्याचा चेहरा पाहत होतो. त्यावर भय नव्हते, गोंधळ नव्हता. मान किंचित कललेली, डोळे अर्धवट मिटलेले. ऐकणाऱ्याची ती मुद्रा त्याने आयुष्यभर धारण केली होती. तो विश्वासाने वाट पाहत होता. इतकी वर्षे त्या जागी आवाज आला होता, आणि तो आजही येईल, याविषयी त्याच्या देहाला तिळमात्र शंका नव्हती. मंडपात केवळ पाऊस आणि टाळ उरले. परशुराम पायरीवर वळले. त्यांचे ओठ हलले, ओळ त्यांच्या जिभेवर होती, पण पाय पायरीवरच राहिला. यशोदेने खांब घट्ट धरला. महादूने हाक मारली असती, तर परशुराम धावत आले असते.

मग महादूने डोळे उघडले आणि समोरची मोकळी फरशी त्याला दिसली.

त्याने ओळ म्हटली. अवघडल्या, बारीक आवाजात म्हटली, आणि लगेच आपल्या खऱ्या आवाजात तिचे उत्तर दिले. पुन्हा ओळ, पुन्हा उत्तर. पुढचाही तोच आणि मागचाही तोच. श्वास घेण्यापुरती जी फट पडे, तिथे तो टाळ दाबून वाजवी. फेर धरायला माणसे नसल्याने तो एकटाच समईभोवती फिरत होता, आणि त्याची सावली भिंतींवरून त्याच्या पुढे-मागे सरकत होती. मंडपातल्या कुणीही चहाचा पेला पुन्हा उचलला नाही. पाऊस ओसरला, पुन्हा वाढला. पुढच्या वाडीची माणसे आली, फेरात शिरली, त्यांच्या बुवाने नाव घेतले, आणि महादू बाहेर पडला. तो पायरीवर बसला. यशोदेने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याने एका घोटात संपवला.

परशुराम त्याच्याजवळ येऊन बसले. "बरो केलंस रे पहारो," ते म्हणाले. "माका वाटला नव्हता."

"नाव तुटला," महादू म्हणाला.

"पावसाचो आवाज होतो. कोणाक काय कळाक नाय."

"तुमका कळला मा?"

परशुरामांनी गुरवाकडे पाहिले. गुरव समईत तेल घालण्यात गुंतला होता.

"एक श्वास तो म्हादू. एका श्वासान काय होता?"

"आमचा काम तेवढाच होता," महादू म्हणाला.

परशुरामांनी पुष्कळ समजावले. गावाने डोळेझाक केली असती. तसे करण्यात कुणाचे काही जात नव्हते, आणि पहारा खाजणवाडीकडे राहिला असता. महादूने फक्त हो म्हणायचे होते. तो म्हणेना. मला त्याचा हट्ट त्या वेळी निष्ठुर वाटला. घरी आल्यावर ध्यानात आले, की दुसऱ्याचा श्वास झाकणे हेच ज्याने आयुष्याचे कार्य मानले, तो तिथे पडलेली फट फट नव्हती असे कसे म्हणणार? तसे म्हटले असते, तर त्याची आधीची सारी वर्षे निरर्थक ठरली असती. पहाऱ्यासाठी तो खोटे बोलला असता, तर पहारा ज्यासाठी होता तेच उरले नसते.

त्याच संध्याकाळी निलेशचा फोन आला. बुवांना बोलायचे होते. त्यांची वाचा जड झालेली. एकेक शब्द ओढून आणावा लागे.

"झालो?" बुवांनी विचारले.

"झालो."

"नाव... तुटाक नाय मा?"

"तुटला," महादू म्हणाला. "सुरवातीकच. तुमच्या जाग्यार."

 निलेश मागून विचारीत होता, "काय झालं बाबा?"

"मगे ता... माजा," बुवा म्हणाले.

"काय ता?"

"तुटलेला. ओळ... माजी होती."

महादूने फोन दुसऱ्या कानाला लावला. "बुवा, तुमी जेवलास?" त्याने विचारले.

"पेज घेतलंय."

"बरा. औषध घेवा वेळेर."

सप्ताहाच्या अखेरच्या सकाळी सगळा गाव देवळात जमतो. नाव विसर्जित होते, आणि मानकरी देवासमोर उभे राहून गाऱ्हाणे घालतात. गावाच्या वतीने देवाशी केलेले ते मोठ्याने बोलणे. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसे एकमुखाने होकार देतात. पाऊस थांबला होता. मंडपात उभे राहायला जागा नव्हती. महादू मागे, दाराजवळ, चपलांच्या अलीकडे उभा होता. यशोदा बायकांच्या बाजूला बसली होती.

परशुरामांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा रवळनाथा, सात दिवस तुझ्या दारात नाव चालला, ता तू गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"लावणी झाली हा. भातार नजर ठेव, खाडीत गेलेल्यांक परत घेवन ये."

"व्हय म्हाराजा."

"खाजणवाडीच्या लेकराच्या हातान काय चूकभूल झाली आसात, ती पदरात घे. तेना ती आपल्या तोंडान सांगलेली आसा."

"व्हय म्हाराजा." आवाज थोडा उतरला होता.

परशुराम थांबले. त्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आणि हेच्या फुडे," ते म्हणाले, "खाजणवाडीचो पहारो वरचीवाडी चलवतली. ता तू मान्य करून घे."

मंडप गप्प राहिला. माणसे एकमेकांकडे पाहू लागली, कुणी मान खाली घातली. देवासमोर मागितले गेले होते आणि होकार येत नव्हता. महादू तिथेच उभा असताना तो शब्द उच्चारायला कुणाची जीभ धजेना. परशुरामांचे खांदे किंचित उचललेले दिसले.

"व्हय म्हाराजा," महादू मागून म्हणाला. आवाज रुंद होता, जमिनीलगत चालणारा, आणि मंडपाच्या दुसऱ्या टोकापर्यंत स्पष्ट पोचणारा.

बाकीचे त्याच्या मागून म्हणाले.